अकोल्याच्या चौकातली भावी मंत्री

माझी एक मैत्रीण इस्रायलच्या संसदेत खासदार होती, असं मी अमरावतीत कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, "मतदारसंघ कोणता?" तिला मतदारसंघ नव्हता. तिथे कुणालाच नसतो. सगळा देश मिळून एकच वॉर्ड. लोक पक्षाला मत देतात, पक्षाने आपल्या माणसांना आधीच नंबर देऊन ठेवलेले असतात, आणि जितक्या जागा मिळतील तितकी माणसं पहिल्या नंबरापासून आत जातात. हे ऐकल्यावर समोरचा थोडा वेळ विचार करतो आणि म्हणतो, "मंग ते लग्नाले कोनाच्या जाते?"

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः पाच वर्षं अमरावती महापालिकेत नगरसेविका होते आणि त्या पाच वर्षांत मी मुख्यतः लग्नं आणि तेरव्या केल्या. खरं म्हणजे उभं राहायचं होतं माझ्या नवऱ्याला. त्याने वॉर्डात दोन वर्षं हात जोडत फिरून चपला झिजवल्या, ऐन वेळी वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, आणि एका संध्याकाळी मला घरातच कळलं की मला समाजसेवेची लहानपणापासून आवड आहे. निवडून आल्यावर सभेत मी बसायचे, फोन तो घ्यायचा. लोक त्याला नगरसेवक म्हणायचे आणि मला वहिनी. आमच्या फ्लेक्सवर नाव माझं मोठं असायचं, फोटो त्याचा.

मैत्रिणीचं तसं नव्हतं. तिला स्वतःलाच काहीतरी हवं होतं, आणि काय हवं होतं ते तिला नीट ठाऊक होतं.

तिचे वडील अकोल्याला रेल्वेत गार्ड होते आणि माझे वडील मालधक्क्यावर कारकून. क्वार्टर शेजारी शेजारी. ते लोक बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी ज्यू. क्वार्टरमध्ये एवढं कुणाला माहीत नव्हतं. ते शनिवारी चूल पेटवत नाहीत, इतकंच सगळ्यांना माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. माझी आई शनिवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर चहाची किटली नेऊन ठेवायची. तो चहा त्यांना चालतो का, हे तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. किटली मात्र दुपारी घासून परत यायची, कधी सोबत पोहे-खोबऱ्याचा मलीदा असायचा. दहावीचा निकाल लागला त्या वर्षी ते कायमचे गेले. सगळं क्वार्टर स्टेशनवर गेलं होतं. ती खिडकीतून म्हणाली, "दोन-तीन वर्षांत येतो व मी." तिला यायला चाळीस वर्षं लागली.

आधी पत्रं होती, मग फोन आला, मग शुक्रवार ठरला. शुक्रवारी आमच्याकडे दिवेलागणीची वेळ झाली की ती फोन करायची, कारण तिच्याकडे सूर्य मावळला की शब्बाथ सुरू आणि मग शनिवारी अंधार पडेपर्यंत ती फोनला हात लावायची नाही. मी फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडायचे. नवरा चहा घेऊन शेजारी बसायचा आणि पेपर वाचतोय असं दाखवायचा.

तिची मराठी दहावीतच थांबलेली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, संसदेत भाषणं करणारी, फोनवर मात्र क्वार्टरमधल्या पोरीसारखी विचारायची, "काय करून राहिली व? जेवली का नाई?" माझी मराठी तोवर महापालिकेत जाऊन सुधारली होती, म्हणजे बिघडली होती. पुण्याच्या माझ्या सुनेने एकदा ते ऐकलं आणि हळूच विचारलं, त्या रागावल्यात का? मी म्हटलं, नाही, ती प्रेमाने बोलतेय, रागावली की हिब्रूत बोलते.

तिकडे त्यांना वाळवंटातल्या एका लहान शहरात सरकारी घर मिळालं होतं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. ती वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून लागली. म्हाताऱ्यांना वेळेवर आंघोळ घालायला माणसं पुरत नाहीत म्हणून तिने संप केला, त्यातून युनियनमध्ये गेली, युनियनमधून गावच्या नगरपालिकेत. मग एका मोठ्या पक्षाला भारतातून आलेल्यांची मतं हवी होती. त्यांनी तिला एक नंबर दिला, मधलाच, पडला तर पडला असा. पहिल्यांदा ती थोडक्यात बाहेर राहिली. पण तिच्या वरच्या नंबरातला एक जण मंत्री झाला आणि त्याने खासदारकी सोडली, म्हणून पुढचा नंबर म्हणजे ही आत गेली. हे तिने सांगितलं तेव्हा नवऱ्याने पेपर खाली ठेवला. मिळालेली खुर्ची माणूस आपखुशीने सोडतो यावर त्याचा विश्वास बसेना. "दुसरी मिळाली म्हनून सोडली भाऊजी," ती फोनवरून म्हणाली. मग त्याला पटलं.

संसदेत तिचं बरं चाललं होतं. तिथे सगळे एकाच वेळी बोलतात, एकमेकांना तोंडावर मूर्ख म्हणतात आणि नंतर सोबत कॉफी पितात. तिला माहेरी आल्यासारखं वाटलं असावं. ती एकच विषय बोलायची, म्हातारी माणसं. त्याला कारण तिची आई होती. गुडघे गेल्यावर ती चौथ्या मजल्यावरून खाली उतरू शकली नाही. कित्येक वर्षं ती खिडकीशी बसून असायची आणि अकोल्याच्या ओट्याबद्दल बोलायची, की उठलं आणि दोन पावलं टाकली की बाहेर. शेवटी तिला खाली आणलं ते स्ट्रेचरवरून, आणि मग परत वर न्यायची गरज पडली नाही. मैत्रिणीने हे मला एकदाच सांगितलं. त्यानंतर ती फक्त लिफ्टबद्दल बोलायची. सरकारी घरांना लिफ्ट, नाहीतर म्हाताऱ्यांना खालची घरं. त्यासाठी तिला म्हाताऱ्या माणसांचं खातं हवं होतं. तिथे तसं एक खातं आहे. "मले तेच पायजे," ती म्हणायची, "मोठं नको, दुसरं नको. तेच."

आमच्यात सगळं गोड होतं असं नाही. युद्ध पेटलं तेव्हा एका शुक्रवारी मी तिला सरळ विचारलं, की टीव्हीवर ती मेलेली लेकरं दिसतात ती तुला दिसतात का. ती म्हणाली, "तू इथं येऊन राह्य, भोंगा वाजला की पायऱ्या उतर, मंग बोल." तिचा भाचा फौजेत होता. मी म्हटलं, लेकरू ते लेकरू. तिने फोन ठेवला. काही शुक्रवार फोन आला नाही. मग एकदा आला आणि तिने अंबाडीच्या भाजीत कण्या केव्हा घालायच्या ते विचारलं. मी सांगितलं. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. मला तिचा राग आला होता, आणि तो सगळा गेलेला नाही. पण शुक्रवार मला लागायचाच.

तर ते खातं रिकामं झालं. तीन नावं चर्चेत होती, त्यात हिचं एक. त्यांच्याकडे पेपरात आलं होतं. तिने शुक्रवारी सांगितलं. पक्षाचा प्रमुख ठरवणार होता, आणि त्याची एक खोड होती. जो स्वतःहून पुढे पुढे करतो त्याला तो देत नसे. म्हणून ती आठवडाभर गप्प बसली होती, कुणाकडे शब्द टाकला नव्हता, वार्ताहरांना टाळत होती. "तोंड शिवून बसली मी," ती म्हणाली. मी म्हटलं, अशीच बस.

नवरा चहा पीत होता.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे माणूस काही होण्याआधी त्याचा फ्लेक्स लागतो. नगरसेवक व्हायचंय, तर 'भावी नगरसेवक'. आमदार व्हायचंय, तर 'भावी आमदार'. तो मुलगा असेल एखाद्या टपरीवर बसणारा, पण वाढदिवसाला चौकात भावी आमदार म्हणून हात जोडून उभा दिसतो, वर पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग, खाली शुभेच्छुकांची गोल गोल डोकी. यात कुणी कुणाला हसत नाही. फ्लेक्सच नाही तर हा माणूस शर्यतीत नाही, असं लोक धरून चालतात. शर्यतीत असूनही माझ्या मैत्रिणीचा फ्लेक्स नव्हता. ही उणीव माझ्या नवऱ्याच्या मनाला लागली.

तो आधी आमच्या नेहमीच्या छपाईवाल्याकडे गेला. माझ्या पाच वर्षांतलं सगळं काम त्यानेच केलेलं, मुसलमान, शब्दाचा पक्का माणूस. तो म्हणाला, "भाऊ, भाभीचं इलेक्शन असो, तुमच्या नातवाचं बारसं असो, अर्ध्या रात्री सांगा, छापून देतो. हे नका सांगू. हे माह्याकडून नाई होनार." त्याने चहा पाजला आणि पोचवायला रस्त्यापर्यंत आला. हे मला नंतर कळलं, आणि त्याचं मला काही चुकलं असं वाटलं नाही. तो असता तर निदान एक गोष्ट झाली असती. प्रत्येक फोटो कुणाचा, हे विचारल्याशिवाय तो मशीन चालू करत नसे.

नवरा त्याच शुक्रवारी रात्रीच्या गाडीने, काम आहे असं मला सांगून, अकोल्याला गेला आणि तिथल्या एका नव्या दुकानात गेला. त्या पोराने काही विचारलं नाही. त्याच्याकडे साचा तयार होता. मधला फोटो बदलायचा, नाव बदलायचं. वरच्या रांगेत पुढारी लागतात, म्हणून त्याने मोबाइलवर इस्रायलचे पुढारी शोधले आणि जे चेहरे चांगले मोठे सापडले ते ओळीने लावले.

शनिवारी दुपारी नवऱ्याने मला फोटो पाठवला. आमच्या जुन्या शाळेजवळच्या चौकात, खांबाला तारेने आवळून बांधलेला, माणसाच्या दुप्पट उंच. मध्ये मैत्रीण, तिच्या संसदेच्या पानावरून घेतलेल्या फोटोत. 'अकोल्याची लेक, इस्रायलच्या भावी मंत्री यांना हार्दिक हार्दिक शुभेच्छा.' खाली गोलात माझा नवरा. आणि वर रांगेत तिच्या पक्षाचा प्रमुख, त्याच्या मांडीला मांडी लावून त्याचा कट्टर विरोधक, ज्याचं सरकार पाडून हे सत्तेत आले होते. दोघेही हसत होते.

मी फोन करून विचारलं, "हे दोघं एका ओळीत काहून?"

"दोघंबी त्याच देशाचे व्हय ना?" नवरा म्हणाला.

"अन् भावी मंत्री कोणी लिहायले सांगतलं?"

"मंग काय लिहू? माजी?"

मी त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता उतरव. तो म्हणाला, बांधणारी पोरं पैसे घेऊन गेली, उतरवणारं कोणी नाही, आणि लोक सेल्फी काढून राहिलेत, चांगलं दिसत नाही. मी मैत्रिणीला फोन लावला. लागत नव्हता. लागणारच नव्हता, शनिवार होता. तिच्याकडे सूर्य मावळेपर्यंत मी घरात येरझारा घालत होते. ती तोंड शिवून घरी प्रार्थना करत बसली होती, आणि तिकडे मराठी वाचणारे पण शनिवार न पाळणारे पुष्कळ लोक राहतात, त्यांच्या मोबाइलवर अकोल्याचा चौक फिरत होता.

तिने अंधार पडल्यावर फोन उघडला तेव्हा पक्षप्रमुखाच्या माणसाचा निरोप होता. दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. त्या भेटीचं तिने मला सांगितलं ते असं.

प्रमुखाने फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, आमच्या गावी असं लावतात. केव्हा लावतात? वाढदिवसाला लावतात, कुणी मेलं तर लावतात, दहावी पास झालं तर लावतात. तू यातलं काय झालीस? हे कुणी लावलं? मैत्रिणीच्या नवऱ्याने. तो कोणत्या पक्षाचा आहे? ते कोणतं वर्ष आहे त्यावर आहे. मग त्याने वरच्या रांगेतल्या आपल्या विरोधकाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, भावी मंत्री, पण कोणाच्या सरकारात?

"मंग तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"काय म्हनू? हसू आलं व मले. थेच चुकलं."

खातं दुसऱ्याला मिळालं, ज्याचा फ्लेक्स जगात कुठेही लागलेला नव्हता. पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिला इतका खालचा नंबर दिला, की तिथपर्यंत मोजत यायची कुणालाच गरज पडली नाही. ती म्हणायची, फ्लेक्स नसता तरी त्यांनी दिलं नसतं, त्यांना बहाणा हवा होता. असेलही. पण मी राजकारणात पाच वर्षं काढली आहेत, बहाणा किती कामाचा असतो ते मला कळतं. मी नवऱ्याशी बरेच दिवस धड बोलले नाही, ताट समोर आदळायचे. त्याने वाद घातला नाही. तो शुक्रवारी चहा घेऊन गॅलरीत बसायला लागला आणि त्याने नंतर कुणाच्या फ्लेक्सवर 'भावी' लिहिलेलं मी पाहिलं नाही.

खासदारकी गेल्यावर तिला वेळ झाला. खासदार होती तोवर सुरक्षा, परवानग्या, यातच येणं राहून जायचं. आता कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मागच्या श्रावणात ती आली. मी तिला घ्यायला अमरावतीहून अकोल्याला गेले. नवऱ्याने यायचं टाळलं, संत्रा बर्फीचा डबा दिला आणि म्हणाला, "माहं नाव नको सांगू." गाडीतून एक प्रवासाने कोमेजलेली, जाड भिंगांची बाई उतरली आणि मला पाहून म्हणाली, "किती सुटली व तू!" मी रडले. तीही रडली. मग तिने डबा उघडला आणि विचारलं, "भाऊजीनं देल्ला ना?"

ऑटोत बसताच ती म्हणाली, "आधी चौकात घे." मला वाटलं, शाळा पाहायची असेल. चौकात ऑटो थांबवून ती खाली उतरली, चारही बाजूंना फिरून पाहिलं. एक भावी नगरसेवक होता, एक वाढदिवस होता, एक भावपूर्ण श्रद्धांजली.

"माहा कुठी हाय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अगं, केव्हाच उतरवला.

तिचं तोंड उतरलं. मला वाटलं थट्टा करतेय, पण नव्हती करत. "तिकडं इतक्या वर्षांत माहा फोटो कुठंच नाई लागला," ती म्हणाली. "पोस्टरवर प्रमुखच राहते. आमी नंबर." मग ऑटोत बसल्यावर म्हणाली, "आन् तिकडं मले इंडियन म्हन्तात. लेक कोनी नाई म्हटलं." मी तिचा हात धरून बसले.

क्वार्टर पडलेली होती, दारं-खिडक्या लोकांनी नेलेल्या. आमच्या ओट्याची फरशी तेवढी होती, तिच्या आईचा ओटाही. ती त्यावर बसली, उठली, दोन पावलं टाकून बाहेर आली आणि परत जाऊन बसली. मागे रुळाच्या बाजूला काही टिनाची घरं उठली आहेत. पाऊस थांबला होता. त्यातल्या पहिल्या घराच्या छपरावर मला आधी दोन हसरे पुरुष दिसले, पार पांढरे पडलेले. मग तिला ती स्वतः दिसली.

दारात एक म्हातारी तांदूळ निवडत होती. एकटीच राहते म्हणाली. महापालिकेची माणसं चौकातले फ्लेक्स उतरवत होती तेव्हा तिने मागून घेतला होता. "टीन सडलं बाई. हे टाकल्यापासून गळत नाई."

मैत्रीण वर पाहत उभी होती. "मावशी, हे मले देता का? मी तुमाले नवीन ताडपत्री आनून देतो."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, वर फोटोकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. "तूच व्हय का ते?"

"हो."

"मंग आली का निवडून?"

"पडली."

म्हातारीने 'अरेरे' केलं, मनापासून केलं. मग म्हणाली, "ताडपत्री उडून जाते पोरी. हे जाड हाय. पावसाळा होऊ दे, मंग ने."

मी तिला म्हटलं, चल, आपण बाजारातून चांगली जाड आणू. तिने मान हलवली. छप्पर बुटकं होतं, हात पुरत होता. एक कोपरा वाऱ्याने उचलला होता, तिथली वीट खाली पडली होती. तिने वीट उचलली, चष्मा वर सरकवला आणि 'भावी' या शब्दावर ती नीट दाबून ठेवली.